गळ्याच्या खळगीतला बोंड्या

साईनगर, अमरावती
२२ जून २०२५

प्रिय मावशी,

किसनराव काकांची गार्डाची ड्यूटी आज अकोल्यापर्यंत आहे, म्हणून बाबांनी हे पाकीट त्यांच्या हाती दिलं. पोस्टानं चित्रं चुरगळतात. तू उत्तर दिलंस की परतीच्या गाडीत तेच आणतील. बडनेरा स्टेशनात बाबांची पॉइंट्समनची नोकरी आहे, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा!

आत माझा मांगा आहे. मांगा म्हणजे जपानी पद्धतीची चित्रकथा, मागे तुला दाखवली होती तशी. चोवीस पानं झाली. कॉलेजातून आले की रोज थोडं थोडं काढत होते. गोष्टीतल्या मुलीचं नाव जमुना. तिच्या गळ्याच्या हाडाशी जी खळगी असते ना, त्यात एक जीव राहायला येतो. कपाशीच्या बोंडासारखा दिसतो, म्हणून बोंड्या. जमुनाला जे जे दुखतं ते तो खातो. त्याचं दुसरं अन्न नाही. ती त्याचं घर, आणि तो तिची सोबत.

चित्रं जमली, पण बोलणं मला लिहिता येत नाही. सगळे फुगे कोरे ठेवलेत. ते तू भर. तुझं अक्षर छापल्यासारखं आहे, आणि बोंड्यानं आई घरात बोलायची तसं बोलावं असं मला वाटतं. मी लिहायला बसले की आईचा आवाज यायच्या आधीच हात थांबतो. ती जाऊन आठ महिने होऊन गेले. डेंग्यूचे ते चार दिवस मी अजून कुणाला सांगितलेले नाहीत, तुलाही नाही.

गोष्ट काय आहे ते मुद्दाम लिहिलं नाही. चित्रं बघ, तुला कळेल. एका फुग्यासाठी तर मी तुझ्यावरच अवलंबून आहे. कुठला ते तू ओळखशील.

तुझी,
आचल

*

जठारपेठ, अकोला
६ जुलै २०२५

चि. आचल,

अनेक आशीर्वाद. काहून वं, जेवतेस का नाही? (बघ, तुझ्या आईसारखंच सुरू केलं.)

पाकीट मिळालं. चित्रं बघून मी चहा चुलीवर विसरले, भांडं जळालं. ते भांडं तुझ्या खात्यावर. तुझे काका म्हणाले, "एवढी कशात गुंगली? परीक्षेचे पेपर आहेत का?" म्हटलं, नाही हो, कापसाचं भूत आहे.

फार सुंदर काढलंस. सुरुवातीला तो केवढा थोरला! फुटलेलं, पांढरंशुभ्र बोंड, आणि त्याच्या मागे जमुना काडीसारखी, नुसती रेघ. मग पानागणिक तो लहान होत जातो नि पोरीच्या अंगावर मांस चढतं, गाल येतात. शेवटच्या पानावर तर तो सरकीएवढा उरलाय, आणि ती धडधाकट, डोळ्यांत पाणी घेऊन उभी. ते पाणी बघून मीही रडले. दुःख संपवून सोबती निघाला, यापेक्षा चांगला शेवट कोणता? फक्त कथेचं नाव मागच्या पुठ्ठ्यावर टाकलंस. घाईत उलटं शिवलंस की काय? आणि पानांना आकडे घालत जा, मास्तरणीची भाची ना तू!

सगळे फुगे भरले. पहिल्या पानावर बोंड्या विचारतो, "मले भूक लागली पोरी. तुह्यात राहू का?" आणि जमुना म्हणते, "राह्य." शेवटच्या पानावर तो म्हणतो, "आता तुले माह्यी गरज नाही," आणि ती म्हणते, "जा." तुझा तो खास फुगा हाच ना? तू बरी होते आहेस असं वाटलं.

मूळ वही परत पाठवते. माझ्यासाठी झेरॉक्स काढून ठेवली आहे. बाबांची काळजी घे. सीमाताईचं वर्षश्राद्ध ऑक्टोबरात येईल, तेव्हा मी चार दिवस येते.

तुझी,
पौर्णिमा मावशी

*

अमरावती
३ ऑगस्ट २०२५

प्रिय मावशी,

वही मिळाली. तू लिहिलेलं बोलणं इतकं खरं आहे की मी मोठ्यानं वाचलं. दार लावून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

पहिल्याच पानावर जमुना त्याला "जा" म्हणते आणि तो मुळीच जात नाही, ही तुझी कल्पना भारी आहे. शेवटच्या पानाशी मात्र मी दचकले. मला वाटलं होतं, तिथं तू त्याला जायला सांगशील. तोच फुगा मी तुझ्यासाठी ठेवला होता, कारण "जा" लिहायचा धीर मला नव्हता. तू लिहिलंस, "राह्य." मग म्हटलं, मावशीला माझ्यापेक्षा कळतं. आणि मीही मोठ्यानं म्हणाले, "राह्य."

तेव्हापासून खरंच बरं आहे, मावशी. झोप लागते. रडू येत नाही. आईच्या साड्या कपाटात उगाच पडून होत्या, त्या आमच्याकडे काम करणाऱ्या दुर्गाबाईंना दिल्या. बाबा दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. त्यांना काय झालं ते मला समजलं नाही.

गळ्याशी ऊब असते. घाबरू नकोस, गाठबीठ नाही, हाताला काही लागत नाही. मांडीवर मांजर बसल्यावर वाटतं ना, तसं. मी वाचायला बसले की तोही गप्प बसतो. माझं चालणं त्याला कळतं, त्याची भूक मला कळते. इतकं जवळ माझं कुणीच नव्हतं.

आचल

*

अकोला
१७ ऑगस्ट २०२५

चि. आचल,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि मला काही कळेना. "जा" पहिल्या पानावर कसं? मी तर शेवटच्या पानावर लिहिलं होतं.

काल हाजराबी आली होती. आमच्या शाळेला लागून उर्दू शाळा आहे, तिथं ती शिकवते, तुला माहीत आहे. न्हाणीत घसरून माझा पाय मोडला, प्लास्टर घातलंय, म्हणून बघायला आली. टेबलावर तुझी झेरॉक्स होती. तिनं ती उचलली आणि तिच्या सवयीनं उर्दू पुस्तकासारखी दुसऱ्या बाजूनं उघडली. मी हसून म्हणणार होते, बाई, उलटं धरलंस. पण तिचा चेहरा पाहून थांबले. ती एकेका पानावर बोट टेकवत शेवटपर्यंत गेली. शेवटी वही मिटून म्हणाली, "पौर्णिमाबाई, ये तो छोरी को खा गया."

मी म्हटलं, "नाही गं, तो लहान होत जातो."

"कहाँ छोटा होता? ये देखो, इधर से. राई का दाना था, घर जितना हो गया. और छोरी देखो, लकीर रह गई." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मेरी बेटी अलीझा के पास ऐसी किताबें हैं. सब सीधे हाथ से चलती हैं. तुम किधर से पढ़ी?"

आचल, तुझा मांगा उजवीकडून वाचायचा होता, मी डावीकडून वाचला. चाळीस वर्षं पोरांना बोट धरून डावीकडून उजवीकडे नेणारी मी, तुझी अख्खी गोष्ट शेवटाकडून वाचली. वही तू उलटी शिवली नव्हतीस, मी उलटी धरली. त्यामुळं निरोपाचे शब्द आरंभाला गेले, आणि जिथं ती पोर रेघेएवढी उरते, जिथं त्याला घालवायचं होतं, तिथं मी माझ्या हातानं "राह्य" लिहिलं.

ते माझं म्हणणं नव्हतं. ऐकतेस ना? ती चूक होती.

मूळ वही ताबडतोब पाठव. व्हाइटनर लावून नीट करते. फोनवर तू "बरी आहे" म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे लिहिलं. हा मेला पाय नसता तर आत्ताच्या गाडीनं आले असते.

मावशी

*

साईनगर, अमरावती
१४ ऑक्टोबर २०२५

पौर्णिमा,

मी कधी पत्र लिहीत नाही, तुले माहीत आहे. पण हे फोनवर बोलता येत नाही. किसनरावच्या हाती देऊन राहिलो.

परवा सीमाचं वर्षश्राद्ध झालं. तुह्या पायात शेवटी सळई टाकावी लागली म्हणून तू आली नाही, त्याचं वाईट मानू नको. जे झालं ते तू पाहिलं नाही तेच बरं.

गुरुजी आले, पान वाढलं, फोटोले हार घातला. आचल आली, फोटोजवळ उभी राहिली आणि मले इचारलं, "बाबा, ह्या कोण?" मले वाटलं गंमत करते. मी चिडलो. म्हटलं, आई आहे तुही. तर म्हणते, "अच्छा," आणि गुरुजीले पाणी द्यायले गेली. पौर्णिमा, तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. खोटं बोलणाऱ्याच्या तोंडावर निदान काही असते.

दुसरी गोष्ट. काल ती पोळ्या करून राहिली होती. मले जळका वास आला. जाऊन पाह्यतो तर तिनं एक हात तव्यावर टेकला होता आणि खिडकीबाहेर पाहून राहिली होती. मी ओरडलो तव्हा तिनं हात उचलला. कातडी तव्याले चिकटून राह्यली. ती हासली अन् म्हणते, "दुखलं नाही बाबा, त्यानं खाल्लं."

डॉक्टरनं रक्त तपासलं, डोक्याचं स्कॅन केलं. सगळं चांगलं आहे म्हणते. वजन मात्र अकरा किलो उतरलं. ताटभर जेवते, तरी.

ती चित्रांची वही मी मागितली तर पोटाशी धरून बसली. तुले काही समजत असल तर सांग. मले फक्त गाड्यांचे रूळ बदलता येतात.

गजेंद्र

*

अमरावती
२६ ऑक्टोबर २०२५

श्रीमती पौर्णिमाबाई यांस,

सप्रेम नमस्कार. आपली बरीच पत्रं माझ्याकडे आहेत. त्यांत आपण मला भाची म्हणता. त्या नात्याचा धागा मला लागत नाही, राग मानू नये. या घरातले गृहस्थ म्हणतात की आपण चांगल्या आहात.

आपण वही मागितली होती. ती देता येत नाही, पण शेवटचं पान टाके उसवून पाठवते. बोंड्यानंच पाठवायला सांगितलं. माझ्याकडे आता दुखावं असं काही उरलेलं नाही आणि तो उपाशी आहे. भूक लागली की तो जे दुखत नाही तेही खातो. गेल्या आठवड्यात गोड चव गेली. काल चित्र काढायला बसले तर माणसाचा चेहरा कुठून सुरू करतात ते आठवेना.

तो म्हणतो, आपल्या अक्षराला वास येतो. आपलं फार दुखतं असं म्हणतो, आणि आपण ते नीट झाकून ठेवलंय असंही.

पानावर आपण पूर्वी लिहिलेलं मी पांढरं केलं आहे. शेवटचा फुगा कोरा आहे. आपल्याला योग्य वाटेल ते लिहून पान परत करावं.

आपली,
आचल

*

अकोला
२ नोव्हेंबर २०२५

माझी आचल,

पान समोर आहे. सकाळपासून पेन हातात धरून बसले आहे. हाजराबी शेजारी बसली आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "नको लिहू. फाड दो." पण फाडलं तर तो तुझ्यातच राहील. आणि नुसतं "जा" लिहायलाही मी घाबरते. ज्याला दुसरं घर नाही त्याला जा म्हणून तो कुठं जाणार? एकदा ते लिहून पाहिलंच आहे आपण. पहिल्या पानावर.

म्हणून वेगळं लिहिते. पण त्याआधी तुझ्या आईबद्दल सगळं या पत्रात घालून ठेवते, कारण पुढं मला विचारून उपयोग नसेल.

तिचं नाव सीमा. आम्ही हिवरखेडच्या. नाल्याला पाणी असलं की ती मला खांद्यावर बसवून शाळेत न्यायची, आणि मध्यावर आली की मुद्दाम हलायची. हसताना तोंडावर पालथा हात धरायची, पुढचा दात तुटका होता म्हणून. दोरा दातानं तोडायची. तुरीच्या ओल्या शेंगा खाल्ल्या की टरफलं माझ्या केसांत टाकायची. तू झालीस तेव्हा ती मला म्हणाली, "पौर्णिमा, पोरीचे बोटं पाह्य कसे लांब आहेत. हे काही तरी काढीन कागदावर." तू दोन तासांची होतीस.

आणि आता माझं दुखणं. तिच्या शेवटच्या आठ महिन्यांत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. कारण ऐकशील तर हसशील. तुझ्या काकांच्या साठीच्या जेवणात तिनं सगळ्यांसमोर माझ्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवली. तिनं तीनदा फोन केला, मी उचलला नाही. म्हटलं, थोडी झुरू दे. मग तुझ्या बाबांचा फोन आला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ज्याला नाक आहे त्यानं ते बरोबर हुंगलं. त्याला बरेच दिवस पुरेल.

तेव्हा फुग्यात मी लिहिलं आहे: "इकडं ये." खाली माझं नाव घातलं आहे, घराचा नंबर, जठारपेठ, अकोला. सगळं नीट, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात.

आता दोन गोष्टी लक्षात ठेव. तुझं दुखणं परत येईल, आणि एकदम येईल. तेव्हा बाबांचा हात धर. आणि यानंतर मी तुला बोलावलं, तर येऊ नकोस. कितीही मायेनं बोलावलं तरी. ते मी नसेन.

तुझ्या आईची बहीण,
पौर्णिमा

*

अमरावती
२३ नोव्हेंबर २०२५

मावशी, मावशी,

पान बाबांनी उघडलं आणि मला वाचून दाखवलं. दुपारी बारा वाजले होते. आधी हात दुखला. तव्यावर भाजलेला, महिन्याभरापूर्वीचा. मी किंचाळले. मग बाकीचं आलं.

आई आली, मावशी. ती तिसऱ्या दिवशीची दुपार आली. मी चित्र काढत होते. ती खाटेवरून म्हणाली, "आचल, पाणी दे वं." मी म्हटलं, "थांब ना, एवढं पान होऊ दे." तिनं पुन्हा मागितलं नाही. मी उठले तोवर तिची शुद्ध गेली होती. हेच मला दुखत होतं. हेच मी त्याला दिलं होतं.

आता ते माझ्याकडे आहे. श्वास घेता येत नाही इतकं आहे. बाबा रात्रंदिवस माझा हात धरून शेजारी बसतात. दुर्गाबाईंनी एक साडी परत आणून दिली, तिला अजून आईचा वास आहे. काल मी थोडा गूळ खाल्ला. गोड लागला.

वही जाळली. पण तू? तू फोन उचलत नाहीस. हाजरा मावशींनी उचलला आणि त्या नुसत्या रडल्या. तू काय केलंस गं हे? तुझंच पत्र सोबत परत पाठवते. आईचं सगळं त्यात आहे. वाच. कृपा करून वाच आणि मला चार ओळी लिही.

तुझी आचल

*

अकोला
७ डिसेंबर २०२५

चि. आचल हिस,

तुझं पत्र मिळालं. सोबतचंही वाचलं. अक्षर माझंच आहे, त्यात शंका नाही. नाल्यातून खांद्यावर नेण्याचा भाग छान वठला आहे. सीमा नावाच्या या बाई कोण ते मात्र लक्षात येईना. मला बहीण असल्याचं मला आठवत नाही. हाजराबीला वाचायला दिलं तर ती ओढणी तोंडात कोंबून रडायला लागली. अलीकडे ती फार रडते. मग घरी जाताना बरीच हलकी होऊन जाते, असं मला वाटतं.

माझी तब्येत उत्तम आहे. पायातली सळई काढली. भूल न घेता काढा म्हटलं, डॉक्टरांना फार आश्चर्य वाटलं. झोप शांत लागते. गळ्याशी जरा ऊब असते, थंडीत ती बरी वाटते.

तू मात्र त्रासात दिसतेस. तुझं पत्र नुसतं हातात धरलं तरी कळतं. इतकं एकटीनं सोसण्याचं तुझं वय नाही, बाळ. नाताळच्या सुट्टीत चार दिवस इकडं ये. तुझ्यासाठी खोली आवरून ठेवते.

आणि येताना डोळे पुसून, शहाणी होऊन येऊ नकोस. आहेस तशी ये.

वाट पाहून राहिलो आहोत.

पौर्णिमा